मुरवणीचे मासे

चंद्रावरून येणाऱ्या फोनचं सांगलीत आता कुणाला कौतुक राहिलं नव्हतं. सानिकाताई आवटींना मात्र होतं, कारण त्यांची एकुलती एक लेक ऋजुता चंद्रावरच्या ‘निवारा’ वसाहतीत पहिल्या तुकडीबरोबर गेली होती. रोज संध्याकाळी तिचा फोन येई. उरलेला दिवस खायला उठे, म्हणून ताईंनी काचेची टाकी आणली, तळाला वाळू पसरली, पाणी भरलं आणि त्याच दिवशी सहा मासे सोडले. हौस दांडगी, माहिती शून्य! आठवडाभरात मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले.

ताईंनी शेजारच्या डॉ. सोहम मेढेकरांना हाक मारली. मेढेकर जिवाणूशास्त्रज्ञ. निवाऱ्यातली ‘प्राणमाती’ त्यांचीच. म्हणजे बंदिस्त वसाहतीतली घाण पचवून तिथली हवा शुद्ध ठेवणारी, जिवाणूंनी भरलेली माती. एवढा मोठा माणूस, पण टाकी बघायला चपला न घालता आला.

“पाणी मुरू न देताच मासे सोडलेत, ताई.”

“मुरायला पाणी म्हणजे काय लोणचं आहे?”

मेढेकर हसले आणि समजावू लागले. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू तो खातात, पण त्याचं दुसरं विष करून ठेवतात. दुसऱ्या जातीचे जिवाणू ते विष खातात, तेव्हा कुठे त्याचं साधं खत होतं. नव्या टाकीत हे जिवाणू नसल्यातच जमा. खायला मिळेल तसे ते हळूहळू वाढतात आणि वाळूत वस्ती करतात. तोवर पाणी दिसायला नितळ असतं आणि आतल्या माशांना मारत असतं.

“पण दुकानदार म्हणाला, आधी हे स्वस्तातले सोडा. हे मुरवणीचे. चांगले मासे नंतर न्या.”

“तसं करतात लोक. यांच्या घाणीवर जिवाणू पोसायचे. हे जगले तर जगले.”

ताई माशांकडे बघत राहिल्या. ऋजुताचे डोळे गेले कित्येक दिवस चुरचुरत होते. काल तर खोकून खोकून तिला बोलणंच जमेना.

“डॉक्टर, तुमची प्राणमाती मुरलीय का?”

“अजून नाही, ताई.”

“तरी मला वाटलंच होतं, यात कुठंतरी पाणी मुरतंय! पहिल्या तुकडीत सगळी आमच्यासारख्यांची पोरं, आणि बडी मंडळी दुसऱ्या तुकडीत. बायकामुलांसकट!”

“माती जिवंत व्हायला माणसांचा मैला, घाम लागतो, ताई.”

“नुसता अमोनिया ओतून नसती झाली?”

“झाली असती. वेळ फार लागला असता. मी सांगितलं होतं, पण थांबायला कुणी तयार नव्हतं. मग मीही गप्प बसलो.”

“आणा माझ्या पोरीला परत.”

“माणसं काढली तर जिवाणू उपाशी मरतील, म्हणून आता कुणी काढणार नाही. पुढचं यान जाईल ते दुसऱ्या तुकडीला घेऊनच. तोवर हवा उत्तम झालेली असेल.”

“आणि तिची फुप्फुसं?”

या माणसाचं तोंड ओरबाडावं असं ताईंना वाटलं. तेवढ्यात फोन वाजला.

“आई, मेढेकरकाकांना विचार ना, इथली हवा कधी सुधारेल? आज तर अंथरुणातून उठवेना.”

खरं सांगावं? सांगून ती करणार काय? तिथे दार उघडून बाहेर पळायची सोय नव्हती. श्वास घ्यायचा तो तिथेच, मग निदान भीती तरी नको.

“सुधारेल गं बाळा. काका इथंच बसलेत. दुसरी तुकडी येईपर्यंत अगदी छान होईल म्हणतात.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

“हुश्श! मग काय, काढू तेवढे दिवस,” ऋजुता म्हणाली, आणि तिला पुन्हा खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत ताई फोन कानाशी धरून बसून राहिल्या.