नवव्या डासाचं पोट

ही माझ्या सख्ख्या ताईची गोष्ट. एक अक्षरही वाढवून सांगत नाही. पटली नाही तर सोडून द्या, मी भांडणार नाही.

भर दुपार होती. तीन वाजले होते. कीटक संशोधन संस्थेतली चित्रांची खोली. दुसरा मजला, उत्तरेची खिडकी.

ताई तिथे चित्रकार. भिंगातून कीटक बघायचा आणि हुबेहूब कागदावर उतरवायचा, हे तिचं काम. त्या मंगळवारी साहेबांनी तिला शंभर वर्षांपूर्वीचा एक कागद दिला. नऊ डास. आठ पूर्ण. नवव्याचं पोट मात्र कोरं...

"तेवढं रंगवून टाका. शुक्रवारी छपाईला जायचंय."

मी शाळेत विज्ञान आणि चित्रकला शिकवायचो. वर्गात दाखवायला चित्रं मागायला म्हणून मी ताईकडे जायचो. रक्त फक्त मादी पिते, नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो, हे मुलांना सांगताना मजा यायची.

जुने चित्रकार पोट शेवटी रंगवायचे, ताई म्हणाली. आधी डासाला स्वतःच्या डाव्या हातावर बसवायचे. पिऊन फुगला की रंग उतरायच्या आत चित्र पुरं करायचे. नवव्याच्या वेळी हा कागद काढणारा चित्रकार तापाने गेला.

"मग आता तू हात देणार?"

"वेडा आहेस का? लाल रंगाची ट्यूब आहे माझ्याकडे."

तिने रंग भरला. वाळू दिला. कुलूप लावून घरी आली.

बुधवारी पोट पांढरं.

डाग नाही. ओरखडा नाही.

"हा म्हातारा डास खट दिसतोय," ताई हसली. "ट्यूब चालत नाही त्याला."

पुन्हा रंगवलं.

गुरुवारी... पुन्हा पांढरं.

त्या दुपारी मी तिच्यासमोरच बसलो होतो. ब्रश उजव्या हातात, कोरडा. डावा हात कागदाशेजारी उताणा. खिडकी बंद. पंखा बंद.

आणि... बारीक गुणगुण.

डास कुठेच नव्हता.

नवव्याच्या पोटात लाल रंग चढत होता. टोकाकडून... हळूहळू.

"ताई, हात काढ!"

"कुठला?"

ती हाताकडेच बघत होती. मनगटापासून कोपरापर्यंत लाल ठिपके. एकेक वाढत होता.

"दुखत नाही रे," ती म्हणाली. कुणी किती वाजले ते सांगावं, तशी. "काहीच कळत नाहीये. होऊ दे पुरं, उद्या द्यायचंय."

मी तिचा हात ओढला. तोल गेला... माझा डावा हात कागदावर टेकला.

गुणगुण थांबली नाही. क्षणभरात पोट भरलं. मग थांबली.

कागद शुक्रवारी वेळेवर गेला. ताईला शनिवारी ताप आला. अकराव्या दिवशी ती गेली.

मी रडलो नाही. अजूनही रडू येत नाही.

आता निवृत्त झालोय. शेजारची मुलं चित्रकला शिकायला येतात. परवा दुपारी एक मुलगी ओरडली, "आजोबा, हातावर डास! केव्हाचा बसलाय!"

डावा हात. मला काहीच कळलं नव्हतं.

तिने मारायला वही उचलली.

"थांब," मी म्हणालो. "आधी पोट नीट बघून घे. मग चित्र काढ."

असं मी का म्हणालो... मला अजून समजलेलं नाही.