घर अठरा किलोमीटरवर

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावशीवर ओढवलेला प्रसंग आहे. ती सांगत होती तेव्हा काका शेजारीच बसले होते, आणि त्यांनी एकदाही तिला अडवलं नाही.

मावशी नर्स. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या पेशंटची ड्रेसिंगं बदलायची. त्यासाठी तिने छोटी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. विकणारा म्हणाला होता, एका चार्जमध्ये दोनशे किलोमीटर. मावशी म्हणायची, "बोलाचीच कढी! एकशे तीस मिळाले तरी नशीब. थंडीत एकशे दहा."

डिसेंबरातली संध्याकाळ होती. साडेपाच वाजलेले.

शेवटचं ड्रेसिंग उरकून ती निघाली, तेव्हा मीटरवर एक्केचाळीस किलोमीटर दिसत होते. घर अठरा किलोमीटरवर. काळजीचं कारणच नव्हतं.

धरणाच्या भिंतीवरचा रस्ता लागला. जेमतेम एक गाडी जाईल एवढा. दोन्हीकडे कठडे. वळायला जागा नाही. समोर दाट धुकं.

तिने सहज मीटरकडे पाहिलं.

एकोणतीस...

अंतर कापलं होतं फक्त दोन किलोमीटर. गाडीही जड वाटत होती, मागून दबल्यासारखी.

तिने काकांना फोन लावला. काका इलेक्ट्रिशियन.

"आधी हीटर बंद कर. तोच चार्ज खातोय."

तिने बंद केला.

बावीस... चौदा...

"अगं, गाडीत किती जण आहात तुम्ही?"

"मी एकटीच. कोण असणार?"

"गाडी गच्च भरली तरी एवढं पडत नाही! थांब, मी निघतोच..."

फोन कट झाला.

आणि मीटरवर शून्य. भिंतीच्या मधोमध गाडी थांबली.

बंद पडलेल्या इलेक्ट्रिक गाडीला आवाज तो कसला? पण मावशीला आवाज येत होता...

श्वासाचा.

तिने स्वतःचा श्वास रोखून धरला.

आवाज थांबला नाही.

तिने दार ढकललं. दार हलेना. पलीकडचंही हलेना. काच खाली होईना. तिने आरशात पाहिलं.

पुढची काच स्वच्छ होती.

मागच्या सगळ्या काचा आतून वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या...

मान वळवायचा तिला धीर झाला नाही. पाऊण तास ती स्टिअरिंग घट्ट धरून बसली. मध्येच मानेवर ऊब लागायची. हीटर तर बंद होता.

शेवटी समोर दिवे दिसले. काका मेकॅनिकची व्हॅन घेऊन आले होते. ते धावत आले...

पण मावशीच्या दाराशी नाही.

त्यांनी आधी मागचं दार उघडलं. बाजूला सरकले. दार धरून तसेच उभे राहिले.

मग मावशीचं दार उघडलं. बाहेरून ते एका झटक्यात उघडलं.

"अहो, कुणासाठी थांबला होतात?"

"आधी घरी चल."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने गाडी फिरवून पाहिली. बॅटरी ठणठणीत. एका चार्जमध्ये एकशे अकरा किलोमीटर. तरी मावशी आता बसनेच जाते.

परवा ती चहा ठेवायला आत गेली, तेव्हा मी काकांना हळूच विचारलं, "खरंच कुणी उतरलं होतं का?"

काकांनी बोटांवर मोजलं.

"तीन जण उतरले," ते म्हणाले. "मी मोजले."

मग स्वयंपाकघराकडे बघत त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

"आत किती होते, ते नाही बघितलं."