छत्रीवाली बाई

दुपारी चारला चहा आणि चहाबरोबर एक गमतीचा व्हिडिओ, हा नारायणरावांच्या घरचा जुना रिवाज. शोधायचं काम त्यांच्या पत्नीचं, अहल्याबाईंचं. चष्मा कपाळावर चढवून त्या मोबाइलवर भराभर बोट सरकवायच्या आणि दहातून एक वेचून काढायच्या. कधी आरशाशी भांडणारा कोंबडा, कधी आजोबांच्या कवळीने सुपारी फोडणारं कार्टून. स्वतः शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय पुढे पाठवायच्या नाहीत. मग नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायच्या आणि उत्तरं येईपर्यंत कप हातात धरून बसायच्या. त्या हसल्या की बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरून खालच्या जिन्यापर्यंत ऐकू जायचं.

भाद्रपदात अहल्याबाई गेल्या आणि ग्रुप गप्प झाला. लोकांना संकोच वाटत असणार. सकाळी कोणी फुलांचं चित्र टाकायचं, कोणी हात जोडायचं, की दिवस संपला. नारायणराव बाजव्याच्या रिफायनरीत प्रयोगशाळेत होते. सगळी नोकरी तेलाचे नमुने तपासण्यात गेली. घरात बोलायचं खातं बायकोकडे. आता ‘अर्धा लिटर दूध’ याच्यापलीकडे दिवसभरात तोंडातून शब्द निघत नव्हता. संध्याकाळी बाजव्याकडचा वारा सुटला की तेलाचा वास यायचा, तेवढीच काय ती ओळखीची सोबत.

म्हणून मार्गशीर्षात एका दुपारी चहा घेऊन बसले आणि त्यांनी स्वतःच व्हिडिओ शोधायला घेतले.

सापडला तो कार्टूनचा, मिनिटभराचा. एक स्थूल बाई, पदर खोचलेला. शेगडीवर कुकर. पहिली शिट्टी होते, बाई दचकते. दुसरी होते, बाई पळत जाऊन छत्री आणते. छत्री उघडून ढालीसारखी पुढे धरते आणि आडवी आडवी चालत शेगडीपर्यंत पोचते. लांब डावाने बटण बंद करते. कुकर जाता जाता एकदा फुस्स करतो. बाई मटकन खाली बसते, छत्री डोक्यावर. मग उठते, अंबाडा नीट करते आणि जसं काही झालंच नाही अशा थाटात निघून जाते.

नारायणरावांचा चहा निवला. अहल्याबाई कुकरपुढे हेच करायच्या. लग्न करून आल्या तेव्हापासून. काळी छत्री, एक काडी मोडलेली. चित्रातल्या छत्रीचीही एक काडी लोंबत होती.

त्यांनी स्वतःची समजूत घातली. कुकरला भिणाऱ्या बायका बडोद्यात काय कमी असतील? छत्र्यांच्या काड्याही मोडतातच. त्यांनी तो ग्रुपवर टाकला.

आणि फोन वाजायला लागला. हसणारे चेहरे, अंगठे, ‘वा नारायणकाका’, ‘अजून पाठवा’. कित्येक महिन्यांत घरात इतका आवाज झाला नव्हता. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

रविवारी पुण्याहून मुलाचा, सलीलचा फोन आला.

“बाबा, ती छत्रीवाली काय भारी आहे! ऑफिसात सगळ्यांना पाठवली मी.”

“तुझी आईच की रे.”

“आई? आई कुठे कुकरला घाबरायची?”

“अरे, तू लहानपणी तिची छत्री लपवायचास. मग वरण करपायचं आणि दोघांनाही मार बसायचा. मला तोंडी, तुला हाताने.”

सलील हसला. मग हसू थांबलं. “बाबा, हे तुम्ही व्हिडिओत पाहिलंय. आपल्याकडे असं काही नव्हतं.” त्याने हलकेच विचारलं, “झोप लागते ना नीट?”

मुलं विसरतात, नारायणराव मनाशी म्हणाले.

थंडी संपता संपता त्याच ठिकाणी दुसरं कार्टून आलं. चॅनलला नाव नव्हतं, नुसता राखाडी गोल. या वेळी बाई गरब्याच्या मैदानाबाहेर चपलांच्या ढिगात वाकलेली. ढिगातून दोन चपला काढते. दोन्ही डाव्या पायाच्या, एक लाल, एक हिरवी. त्या घालून वाकडी वाकडी चालत निघते. मैत्रीण पायाकडे बोट दाखवते, तर बाई तिच्याच पायाकडे बोट दाखवते: तुझ्याच चुकल्यात.

अहल्याबाईंचा हा प्रसंग खरोखर जिच्यासमोर घडला होता ती शेजारीच राहत होती. नीराबेन. अहल्याबाईंशी तीस वर्षांची मैत्री आणि त्या मैत्रीतूनच शिकलेलं मराठी. नारायणरावांनी हा व्हिडिओ अजून कोणालाच पाठवला नव्हता. नमुना तपासायचा तर आधी मूळचा बघावा, मग त्यात काय घालायचं ते घालावं, मग पुन्हा बघावं. प्रयोगशाळेतली तीच सवय हाताला होती.

नीराबेन ढोकळ्याची वाटी घेऊन आल्या तेव्हा त्यांनी सहज विचारलं, “ते गरब्याच्या चपलांचं काय झालं होतं हो?”

“हाय हाय, नारायणभाई, ते तर विचारूच नका!” नीराबेन बैठकीतल्या झोपाळ्यावर, हिंचक्यावर, बसल्याच. “बेउ डाव्या! दोन्ही डाव्या! अख्खा रस्ता मला सांगते, नीरा, तुझाच पाय वाकडा आहे. मी एवढी हसली, एवढी हसली, तिथेच फुटपाथवर बसली. आणि अहल्याबेन उभी, कमरेवर हात. ऊठ म्हणे, लोक बघतात.” त्यांनी पदराने डोळे पुसले. “एवी बाई पुन्हा नाही मिळणार.”

“हे बघा,” म्हणून नारायणरावांनी मोबाइल पुढे केला.

नीराबेन हसल्या. मान मागे टाकून, हिंचका हलेपर्यंत हसल्या. “अरे वाह! मला मोकला ना हे, पाठवा ना. आमच्या भजनमंडळात टाकते.”

“अहल्याचं आठवलं ना?”

“शुं? काय?”

“चपला. दोन्ही डाव्या.”

नीराबेनच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं. “ते तर आत्ता व्हिडिओमां पाहिलं ना. अहल्याबेन? ती कुठे असं करते, बिचारी. साधी होती एकदम.” त्यांनी वाटी पुढे सरकवली. “खा ना. थंडा होईल.”

नारायणरावांनी वाटी तशीच झाकून ठेवली.

त्यांनी पाठवणं बंद केलं. त्याने काय होणार होतं? छत्रीवाली बाई आपल्या पायांनी हिंडायला लागली होती. भाजीवाल्याच्या मोबाइलवर ती होती, रिक्षावाल्याच्या होती. अलकापुरीत बँकेत गेले तर खिडकीआडची मुलगी डाव्या चपला बघून खुदखुदत होती. महिन्याला नवं कार्टून यायचं. दरवेळी अहल्याबाईंचं काहीतरी खास. मांजराला शिस्त लावणं. डॉक्टरलाच पथ्य सांगणं. कोणीतरी हसायचं, आणि नंतर नारायणरावांनी विचारलं की त्याला ते फक्त कार्टूनमधलं म्हणून आठवायचं.

एकदा त्यांनी व्हिडिओखाली लिहिलं: ‘ही माझी बायको आहे. कृपया काढून टाका.’ त्याखाली हसणारे चेहरे जमले. एकाने लिहिलं, ‘काका, सांभाळा, छत्रीने मारेल.’

सलीलला विचारलं, ही चित्रं काढतं कोण?

“आता कोणी काढत नाही, बाबा. मशिनच बनवतं. लोकांना काय आवडतं ते बघून.”

“पण मशिनला अहल्याची छत्री कशी माहीत?”

सलील एवढंच म्हणाला, “मी सुट्टी काढून येतो.”

या सगळ्यात एक गोष्ट नारायणरावांच्या ध्यानात आली होती. त्यांना स्वतःला सगळं आठवत होतं. छत्री, चपला, मांजर, डॉक्टर. का, ते शोधायला फार डोकं लागलं नाही. ते एकदाही हसले नव्हते. आता जगात अहल्या होती तशी फक्त त्यांच्याकडे उरली होती. हसायचं नाही, एवढंच सांभाळायचं. ते फारसं अवघड नव्हतं. हसण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलंही नव्हतं.

वर्षश्राद्धाला सलील आला. अलकापुरीहून अहल्याबाईंची धाकटी बहीण उत्कर्षा आली. नीराबेन होत्याच. गुरुजी गेले, खीर-वडे झाले, पानं उचलली आणि मंडळी बैठकीत टेकली. कोणीतरी दोन शब्द बोलावेत असं झालं.

“ताई शांत होती फार,” उत्कर्षा म्हणाली.

“एकदम शांत,” नीराबेन म्हणाल्या.

सलीलने मान हलवली. “आईचा कधी आवाजच नसायचा घरात.”

नारायणरावांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कोणी खोटं बोलत नव्हतं. डोळ्यांत खरंच पाणी होतं.

“अगं, शांत?” ते उत्कर्षाला म्हणाले. “तुझ्या लग्नात तिने बँडवाल्यांच्या हातातला ढोल काढून घेतला होता. ताल चुकतोय म्हणून!”

उत्कर्षाने सलीलकडे पाहिलं. “भावोजी,” ती हळू आवाजात म्हणाली, “ते गेल्या महिन्यातलं. छत्रीवालीचं.”

सलीलला ते सोसलं नाही. “चला, जरा मूड बदलू,” म्हणत त्याने मोबाइल टीव्हीला जोडला. “आज नवीन आलंय. बाबा, तुम्हालाही बरं वाटेल.”

“नको,” नारायणराव म्हणाले.

“बघा तर.”

ते उठायला गेले. उत्कर्षाने दंडाला धरून त्यांना परत हिंचक्यावर बसवलं आणि शेजारी बसून हात तसाच धरून ठेवला. माया होती त्यात. ती झिडकारणार कशी?

पडद्यावर कमाटी बाग उघडली. बागेतली छोटी आगगाडी.

नारायणरावांनी ती ओळखली. हे कोणालाही माहीत नव्हतं. लग्नाला पंधरा दिवस झाले होते. देवळात जातो सांगून दोघं बागेत गेले होते. ते बर्फाचे गोळे घेत होते तोवर अहल्या गाडीत चढली आणि गाडी सुटली. तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनीही नाही.

पडद्यावर काटकुळा माणूस दोन्ही हातांत गोळे धरून गाडीमागे धावत होता.

एक फेरी. बाई हात लांब करते, गोळा हुकतो.

दुसरी फेरी. लाल पाक कोपरापर्यंत ओघळलेला. माणूस पळता पळता सलाम ठोकतो, गोळा कपाळाला लागतो.

नीराबेन खिदळत होत्या. सलीलने पोट धरलं होतं.

नारायणरावांनी ओठ दाबले. नखं तळव्यात रुतवली. तेराव्याचा दिवस आठवला, हॉस्पिटलचा जिना आठवला.

तिसरी फेरी. बाई चालत्या गाडीतून कमरेपर्यंत बाहेर ओणवते. हात वापरतच नाही. तोंडानेच गोळ्याचा लचका तोडते आणि गाल फुगवून, मान ताठ करून, महाराणीसारखी पुढे निघून जाते.

अगदी तशीच गेली होती ती.

पोटातून काहीतरी वर आलं. त्यांना वाटलं रडू आहे.

ते हसले.

एकदा सुटलं ते आवरेना. सलील टाळ्या वाजवत म्हणाला, “बघा, बाबा हसले!” उत्कर्षा रडत हसत होती. एकामागून एक जुनी कार्टून आपोआप लागत गेली. छत्री आली, ते हसले. चपला आल्या, ते हसले. मांजर, डॉक्टर, ढोल. नको, नको, ते हाताने सांगत होते आणि हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बरगड्या दुखत होत्या, आणि फार दिवसांनी त्यांना खरोखर बरं वाटत होतं.

मग पुन्हा आगगाडी लागली.

नारायणरावांनी चष्मा पुसून घातला. काटकुळा माणूस गाडीजवळ उभा होता.

“सलील,” त्यांनी विचारलं, “ह्याच्या हातात दोन गोळे कशाला रे?”

“एक तिचा असेल ना, बाबा.”

त्यांनी निरखून पाहिलं. गाडीत कोणी बाई बसली होती, हात बाहेर काढून. चित्र चांगलं काढलं होतं.