कल्याणप्पांच्या दावतीचा फोटो

वात जरा कमी कर आणि नीट टेकून बस. भुताच्या गोष्टी सांगत फिरणारा माणूस मी नव्हे. उमरग्यात फोटो काढून पोट भरायचं, एवढंच मला ठाऊक. पण हे माझ्यावर गुदरलेलं आहे.

चौतिशी उलटली तरी माझं लग्न जमत नव्हतं. फोटो काढला की आयुष्य घटतं असा लोकांचा समज. असल्या धंद्यातल्या माणसाला पोर कोण देणार? दिवसभर दुसऱ्यांच्या जोड्या खुर्च्यांवर बसवायच्या आणि संध्याकाळी घरचं कुलूप काढून अंधारात दिव्यासाठी आपली आपणच काडी ओढायची. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला काही झाली नाही.

लढाईची वर्षं होती. जवळच्याच एका गावात कल्याणप्पा म्हणून तुरीचे मोठे व्यापारी होते. त्यांनी दुसरं लग्न केलं आणि निजामाच्या अंमलदारांना घरी दावत दिली. फोटोसाठी मला सांगावा आला. त्यात शेवटी होतं, 'आळंदला आमच्या नात्यात एक पोर आहे. फोटो झाला की तुमच्यासाठी शब्द टाकतो.' मग काय, मी पहिली मिळाली त्या गाडीनं निघालो.

दुपार कलली होती. दारात मांडव, मांडवात अंमलदारांच्या खुर्च्या, मधे नवरानवरी. नवरी इरम्मा वीसेक वर्षांची, अंग चोरून बसलेली. तिच्या दागिन्यांत काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एक बारका टाक होता. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा, सणाला आधी तिला मान द्यायचा, म्हणजे ती सुखानं राहते, अशी आपल्याकडची रीत. कल्याणप्पांची पहिली बायको नागम्मा आदल्या साली तापानं गेली होती.

कल्याणप्पांना तो टाक फोटोत नको होता.

"साहेब लोक इचारतील ह्ये काय म्हणून. काढ तेवढा."

त्यांच्या आई मल्लम्मा दारात उभ्या होत्या. "काढू नगं, कल्याण," त्या हळूच म्हणाल्या. "तिला ठिवशील कुठं?"

"एका फोटोपुरतं तर हाय, अव्वा."

कल्याणप्पांनी टाक सोडवला, ठेवायला जागा शोधली, आणि शेवटी माझ्या हातावर ठेवला. "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या." मी तो कोटाच्या खिशात टाकला. मल्लम्मा तोंडाला पदर लावून माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. मला फार अवघडल्यासारखं झालं.

तेव्हाचा कॅमेरा म्हणजे तीन पायांवरची मोठी पेटी. मागं धुरकट काच असायची. डोक्यावर काळं कापड ओढून त्या काचेत बघायचं. काचेवर सगळं उलटं दिसतं, माणसांची डोकी खाली, पाय वर. मला त्याची सवय होती. कापडाखाली अंधार, डोक्यात चढणारा अत्तराचा वास, आणि बाहेरची सनई लांब कुठल्या तरी गावात वाजत असावी अशी. काचेवर अंमलदार उलटे, नवरानवरी उलटे, मांडवाचं छत खाली.

आणि इरम्माच्या खुर्चीमागं एक बाई सरळ उभी होती.

हिरवं इरकल लुगडं, डोईवर पदर. जेवणावळीत आपलं पान न सापडलेल्या पाहुणीसारखी ती एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. भीतीच्या आधी मला तिची दयाच आली, खरं सांगतो.

मी कापडातून डोकं बाहेर काढलं. खुर्चीमागं कुणी नव्हतं.

"काय झालं हो?" कल्याणप्पांनी विचारलं.

"काही नाही... उजेड बघतोय."

पुन्हा कापडाखाली गेलो. आता ती खुर्चीमागं नव्हती. सगळ्यांना पाठ करून, खाली दिसणाऱ्या छतावर पाय टेकत ती माझ्याकडं येत होती. सावकाश. तिचा चेहरा मोठा होत गेला... काच भरून गेली... आणि एकदम मोकळी झाली. मांडव, माणसं, सगळं जागच्या जागी.

कापडाखाली माझ्या कानाशी कुणीतरी हळूच श्वास सोडला.

फोटो कसा काढला ते मला आठवत नाही. टाक तेवढा लगेच परत केला. इरम्मानं तो गळ्यात बांधला, चाचपून पाहिला.

"अत्ते," ती सासूला म्हणाली, "ह्यो आता हलका लागतोय."

मल्लम्मांनी तिला जवळ घेतलं. मी निघताना त्या माझ्या पाठीमागं बघत म्हणाल्या, "संभाळून ऱ्हावा, बाबा."

फोटो झकास निघाला. कल्याणप्पांनी शब्द पाळला. पेरण्या आटोपल्यावर आळंदहून पोरीचे चुलते शिवलिंगप्पा आणि चुलती सिताबाई माझं घर बघायला आले. मी घर सारवून घेतलं होतं, नवी सतरंजी आणली होती. आता दार उघडायला कुणी असेल, या आशेनं मला दोन रात्री झोप नव्हती. शिवलिंगप्पांशी बोलणं चांगलं रंगलं. सिताबाई पाणी प्यायला म्हणून आत गेल्या, त्या बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. चेहरा उतरलेला.

"उठा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"काय चुकलं का, काकू?" मी विचारलं.

"आमची पोर आमाला सवतीवर द्यायची न्हाय. आत एवढी चांगली बाई हाय... मला पाट दिला, पाणी दिलं. अन् तुमी दुसरी बघताय व्हय?"

"माझं लग्नच झालेलं नाही हो..."

सिताबाई नवऱ्याला घेऊन निघाल्या. उंबऱ्याबाहेर उन्हात उतरल्या तेव्हा मला दिसलं. निघालेल्या सवाशिणीला घरची बाई लावते तसं कुंकवाचं ठसठशीत बोट त्यांच्या कपाळावर होतं. अजून ओलं होतं.

माझ्या घरात कुंकवाचा करंडा कधीच नव्हता.