उबवणीच्या खोलीतला एक अँपिअर

सरूबाई घोडेगावातल्या प्रतिभा आवटेच्या ऑफिसात आली, पण खुर्चीवर बसली नाही. दाराशीच उभी राहून म्हणाली, "ताई, मी मिशीन बंद केलं न्हाई. पर समद्या बाया म्हंत्यात, सरूबाई झोपली आन एकशेऐंशी अंडी मेली."

महाळुंगे पडवळच्या महिला गटाकडे गावरान अंडी उबवायचं यंत्र होतं. डोंगराकडून आलेली, एकटी सरूबाई ते सांभाळायची आणि शेजारच्या खोलीत राहायची. या खेपेला एकविसावा दिवस उलटला तरी एकही पिल्लू बाहेर आलं नाही. गटाच्या अध्यक्ष मोहिनीताईंनी भर सभेत तिला दोषी ठरवलं होतं. सोमवारी तिला खोली सोडायची होती.

"उबेचा काटा काय दाखवत होता?" प्रतिभाने विचारलं.

"दिसा बराबर, साडेसदतीस. थंडी वाढल्यापास्नं पहाटं चौतीसला यायचा आन तितंच थांबायचा. मोहिनीताईला सांगितलं, तर म्हनली काटाच बिघडला असंल."

"आणि हीटर चालू असल्याचा लाल दिवा?"

"आधी लागायचा, इझायचा. मंग पहाटं इझतच नव्हता."

खाजगी तपासाचं काम धरण्याआधी प्रतिभा बारा वर्षं वायरमनचा वर्ग शिकवत होती. तिच्यासोबत असायचा तो मावसभाऊ ज्ञानेश्वर, निवृत्त पोस्टमास्तर.

दुसऱ्या दिवशी पहाटेच दोघं महाळुंग्यात पोचली. मोहिनीताईंनी नाइलाजाने यंत्र चालू केलं.

"शेतावरच्या मोटारी चालू असतील, व्होल्टेज पडत असेल," ज्ञानेश्वर म्हणाला.

प्रतिभाने मोजलं. दोनशेतीस व्होल्ट, अगदी व्यवस्थित. मग आतल्या एका तारेला तिने प्रवाह मोजणाऱ्या टाँग टेस्टरचा चिमटा लावला. पंखा सोडून नुसत्या हीटरचा प्रवाह एक अँपिअर. यंत्राच्या पाटीवर लिहिलं होतं, हीटर चारशेसाठ वॅट.

मागचं झाकण तिने उघडलं. हीटरचं एक कॉइल होतं. शेजारच्या जागेत दोन मोकळे नट.

"हे झाकण कुणी उघडलं होतं?"

"सुदर्शननं. अंडी ठेवल्याच्या आठव्या दिवशी, पंख्याला तेल द्यायला. पर यंत्र तर चालूच हाय की!" मोहिनीताई म्हणाल्या. "सरूबाईनंच बंद केलं असनार."

वायरमन सुदर्शनचं घर दोन आळ्या पलीकडे होतं. आत हीटरपाशी त्याची बायको अश्विनी तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती.

"आठव्या महिन्यात झाली," सुदर्शन म्हणाला. "दवाखान्यातून आणली तवा एवढीशी व्हती."

ज्ञानेश्वरने हीटरसमोर हात धरले. "यावर हजार वॅट लिहिलंय, राव. पण हात काही शेकेनात."

"जुना हाय," सुदर्शन घाईने म्हणाला.

प्रतिभाने तारा सुट्या केलेला आपला एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये जोडला आणि चिमटा लावला. एक अँपिअर. तिने दुपारी त्याला गटाच्या खोलीत यायला सांगितलं.

दुपारी तिथे बारा बायका जमल्या.

"यंत्र बंद झालं असतं, तर काटा खोलीइतका, दहा-बारावर उतरला असता," प्रतिभाने सुरुवात केली. "तो चौतीसला थांबायचा. म्हणजे ऊब मिळत होती, पण अपुरी. म्हणूनच दिवा विझत नव्हता. हीटर सतत झगडत होता."

"अपुरी का?" ज्ञानेश्वरने विचारलं.

"व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. दोनशेतीस गुणिले एक, दोनशेतीस वॅट. पाटीवरच्या निम्मे. आता व्होल्टला अँपिअरने भाग. रोध आला दोनशेतीस ओहम. पाटीप्रमाणे दोन अँपिअर वाहायला हवेत, म्हणजे रोध एकशेपंधरा. बरोबर दुप्पट झालाय. समांतर जोडलेल्या दोन सारख्या कॉइलपैकी एक गेलं, की असंच होतं."

"जळालं असेल," ज्ञानेश्वर म्हणाला.

"जळालेलं कॉइल जागेवरच राहतं. इथे नुसते नट आहेत. आणि हजार वॅटच्या हीटरने चारच्या वर अँपिअर घ्यायला हवेत. सुदर्शनचा एकच घेतो. त्यात यंत्राचं कॉइल आहे."

सुदर्शनची मान खाली गेली.

"आमच्या हीटरचं कॉइल त्या सांजच्याला जळालं. पोर गार पडत चाललेली. दुकानं बंद. तेलाच्या निमित्तानं मिशीनचं एक काढून नेलं. दोन दिसांत मंचरहून आनून बसवनार व्हतो. दुपारी येऊन बघितलं, काटा बराबर व्हता. मंग थंडी पडली, पोरीला परत दवाखान्यात न्यावं लागलं... आन सरूबाईचं नाव निघाल्यावर तोंड उघडायची हिंमतच झाली न्हाई."

मोहिनीताई उठल्या. "सरूबाई, चुकले मी."

"माजं नाव घेतलं तवा चाळीस बाया व्हत्या," सरूबाई शांतपणे म्हणाली. "आता बाराच हायती."

दुसऱ्या दिवशी चाळीसजणी जमल्या. मोहिनीताईंनी सगळ्यांसमोर माफी मागितली. सुदर्शनने उभं राहून सगळं पहिल्यापासून सांगितलं. सरूबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"किती भरली पोर?" तिने विचारलं.

"दोन किलो. आजच कॉइल काढून आनतो, सरूबाई."

"काढू नगंस," ती म्हणाली. "मिशीनला नवं आन. ते तितंच ऱ्हाऊ दे."