दुसऱ्या गिअरवरचा हात

जुन्या गाडीचा गिअर घट्ट का होतो, याची बरीच कारणं असतात. तेल थंड असतं, क्लच पुरता सुटत नाही, आतली पितळी कडी झिजते, दांड्याखालचं रबर कडक होतं. ही सगळी कारणं मी पुस्तकात वाचली आहेत. मला गाडी चालवता येत नाही. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे कुठल्याही विषयावर बोलण्याआधी त्यावरचं काहीतरी वाचून घ्यायची खोड लागली आहे. पुढे जे सांगणार आहे त्यावर वाचायला काही मिळालं नाही. म्हणून जसं घडलं त्याच क्रमाने लिहितो. माझ्या समजण्यात चूक असेल, असं अजूनही अधूनमधून वाटतं. तसं असलं तर बरंच होईल.

गाडी दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची, कापडी छप्पर मागे दुमडणारी. कधीकाळी लालभडक होती, आता विटेच्या रंगावर आली होती. आत बसताना आधी पाय घालायचे आणि मग उरलेला माणूस. मागची सीट नव्हतीच. पाठीमागे हातभर रुंदीची फळी आणि फळीखाली पेट्रोलची टाकी. वहिनी तिला 'सवत' म्हणायची. "सवतीला न्हाऊ घातलंत का?" असं विचारायची आणि दादा निमूटपणे बादली उचलायचा.

मग दादाला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, जीभ सावरली, डावा हात मात्र मागे राहिला. गिअरचा दांडा नेमका त्याच बाजूला. गाडी विकायची बोलणी सुरू झाली तेव्हा दादाने मला बोलावून घेतलं.

"धाकट्या, जन्मभर पुस्तकं उचललीस," तो म्हणाला. "आता दांडा उचल."

अशी आमची जोडी जमली. दादा उजव्या हाताने स्टिअरिंग धरायचा, पायाने क्लच दाबायचा आणि "हं" म्हणायचा. 'हं' आला की शेजारच्या सीटवरून मी दांडा ओढायचा. त्याचा नियम एकच होता. "खाली बघायचं नाही. रस्त्याकडे बघ. काहीही झालं तरी खाली बघायचं नाही." मी तो पाळला. नियम पाळण्याइतकी सोपी गोष्ट माझ्यासारख्या माणसाला दुसरी नाही.

पहिला गिअर पडायचा. तिसरा, चौथा पडायचे. दुसरा पडायचा नाही. दांडा अर्ध्यावर येऊन थांबायचा, जणू पलीकडून कोणी दार लोटून धरलंय. मी ओशाळायचो, तळव्याला घाम सुटायचा, मागचे हॉर्न वाजवायचे. आणि मग माझ्या हातावर हात यायचा.

थंड, कोरडा हात. बरोबर माझ्या हातावर, बोटांवर बोटं, अंगठ्यावर अंगठा. किंचित दाबायचा, आणि दांडा आत जायचा. मी रस्त्याकडे बघत असायचो. दादाही रस्त्याकडेच बघत असायचा. मग हात निघून जायचा.

आम्ही याविषयी कधी बोललो नाही. आमच्या घरात कोणी कोणाच्या पाठीवरून हात फिरवत नसे. शाबासकी द्यायची तर वडील वर्तमानपत्राचं पान उलटताना "ठीक" म्हणत. त्यामुळे थोरल्या भावाने त्या निकामी हाताची ताकद एकवटून माझ्या हातावर ठेवावी, ही गोष्ट मी उराशी जपून ठेवली होती. खरं सांगायचं तर मी त्या फेऱ्यांची वाट बघायचो. गिअर सहज पडला तर वाईट वाटायचं.

दादा गेला तो घरात, झोपेत, कोणाला त्रास न देता. गाडी कापडाखाली गेली.

काही महिन्यांनी त्याची मुलगी आली. घरात तिला ठमी म्हणतात. पोहायला शिकवते, खांदे माझ्या दुप्पट. तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती आणि तिला गाडी हवी होती.

"चालली तर घेऊन जा," वहिनी म्हणाली. "नाही चालली तर भंगारवाल्याला फोन करते. अंगणात मढं नको मला."

त्या सीटवर पुन्हा बसायला मिळावं, गाडी घरातच राहावी, एवढंच मला हवं होतं.

गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिन ऐकतो. त्याने गिअरबॉक्स उघडला, कडी बदलली, तेल बदललं. मी पैसे द्यायला गेलो तेव्हा त्याने जुना दांडा माझ्या हातात दिला.

"हा वाकलाय बघा काका. नवा घातलाय मी."

"घट्ट होता ना," मी म्हणालो.

"घट्टपणाने एवढा नाही वाकत. एका माणसाचं काम नाही हे. पहार घातली होती का काय?"

"आम्ही दोघं ओढायचो."

त्याने माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि हसू दाबलं. "दोघं म्हणजे, दादा आणि तुम्ही? त्यांचा तो हात धरून?" मग माझा चेहरा बघून म्हणाला, "असेल बाबा. घरची माणसं जास्त ओढतात."

मला बरं वाटलं. दादाच्या त्या हातात एवढी ताकद होती, हे त्याला कळलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमीने गाडी बाहेर काढली. मी शेजारी. ऊन स्वच्छ होतं, छप्पर मागे टाकलं होतं. पुलापर्यंत जाऊन यायचं ठरलं. कोपऱ्यावर तिने दांडा ओढला, तो अर्ध्यावर थांबला.

"काय काका, डॉक्टरने नवं बसवलं म्हणे. हा तर हटून बसलाय." तिने खांदा लावून ओढला. दांडा हलला नाही. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला. "तुम्ही घाला बघू. बाबांबरोबर घालायचात ना?"

"तू क्लच दाबलास की 'हं' म्हण," मी सांगितलं. मला दुसरी पद्धत येतच नाही.

"हं."

मी दांड्यावर हात ठेवला. रस्त्याकडे बघितलं. ओढला.

आणि माझ्या हातावर हात आला.

तोच. थंड, कोरडा. बोटांवर बोटं, अंगठ्यावर अंगठा. दांडा आत गेला. पहिल्यांदाच मी नियम मोडून खाली बघितलं. दांड्यावर फक्त माझा हात होता. ठमीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. पण माझ्या बोटांच्या पाठीवर पांढरे पट्टे उमटले होते, दाबलेल्या कातडीवर उमटतात तसे. ते हळूहळू गुलाबी झाले आणि गेले.

"वा!" ठमी म्हणाली. "म्हातारा हात, पण जादू आहे. काय झालं? घाम का फुटलाय?"

"ऊन आहे," मी म्हणालो.

घरी येऊन मी बराच वेळ नळाखाली हात धरून बसलो. मुद्रितं तपासणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. डोळा छापलेलं वाचत नाही, अपेक्षित असतं ते वाचतो. हाताचंही तसंच असेल, असं मी स्वतःला समजावलं. म्हातारपण, रक्ताभिसरण, आठवण. तरी त्या धक्क्याच्या तळाशी एक लाजिरवाणा आनंद होता. दादा अजून गाडीत होता.

त्यानंतर आम्ही रोज सकाळी पुलापर्यंत जाऊ लागलो. ठमीला एकटीला दुसरा टाकता आला नाही, तर वहिनी भंगारवाल्याला बोलावणार होती. ठमी ओढायची, दांडा अडायचा, मी हात लावायचो, हात यायचा. ठमीनेही 'हं' उचलला. एकदा सवय लागली की सुटत नाही, हसत म्हणायची.

मग एके दिवशी पुलाच्या चढावर तिने "हं" म्हटलं, स्वतःच दांडा ओढला आणि तो गेला. सहज.

"काका, हात काढा ना," ती म्हणाली. तिची नजर रस्त्यावर होती. "मला एकटीला घालू द्या. आणि किती गार हात तुमचा. स्वेटर घाला काहीतरी."

माझे दोन्ही हात मांडीवर होते. त्यांत मी छत्री धरली होती.

मला भीती वाटली नाही. मला वाटलं, आता मुलीच्या हातावर हात ठेवतोय. ठेवू दे. आमच्या घरात कोणीतरी ठेवायलाच हवा होता. मी शांतपणे छत्रीची मूठ फिरवत बसलो, आणि त्या सकाळी मला माझ्या भावाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा तो असतानाही वाटला नव्हता.

ठमी निघायचा दिवस आला. तिने पिशव्या फळीवर रचल्या, इंजिन सुरू केलं आणि ते गरम होईपर्यंत काच पुसत बसली. मी आणि वहिनी पायरीवर उभे होतो. वहिनीने आतून एक चपटी पिशवी आणली होती.

"हे तुम्हाला दाखवू की नको, कळेना," ती म्हणाली. "यांनी सांगितलं होतं, धाकट्याला कळू देऊ नकोस. पण आता काय त्याचं."

आत कापडी पट्टा होता. रुंद, पांढरा, कडेने मळलेला, दोन्ही टोकांना लांब बंद.

"काय हे?"

"यांचा हात बांधायची मी याने. गाडीत बसायच्या आधी, दर वेळी. कोपरातून पोटाशी, आणि गाठ मागे पाठीवर. नाहीतर तो लोंबायचा, दांड्यावर आपटायचा. वरून कोट घालायचे आणि बाही खिशात खोचायचे. तुम्हाला वाटायचं ना, ऐटीत हात खिशात घालून बसतात म्हणून?"

मला तसंच वाटायचं.

"वहिनी, पण गिअर अडला की तो हात काढायचा ना?"

"कसा काढणार, भावजी? गाठ मागे. आणि बांधला नसता तरी काय? त्या हाताने चमचासुद्धा उचलला नाही यांनी शेवटपर्यंत." ती पट्ट्याची घडी घालत होती. "येऊन मला म्हणायचे, धाकटा दिसतो काडी, पण काय ताकद आहे त्याच्यात. मी नुसता पुढे बघत असतो, तो घालतोच."

गाडीच्या इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता.

मी माझा उजवा हात समोर धरला, दांड्यावर ठेवतात तसा. उजवीकडे बसलेला दादा त्यावर डावा हात ठेवील तसा माझा डावा हात त्यावर ठेवून पाहिला. डाव्याचा अंगठा माझ्या करंगळीकडे आला.

पुन्हा ठेवून पाहिला. करंगळीकडेच.

अंगठ्यावर अंगठा यायला वरचा हातही उजवा लागतो. तो शेजारून येऊ शकत नाही. तो मागून यावा लागतो, माझ्या खांद्यावरून. मागे हातभर फळी होती, आणि खाली टाकी.

काहीही झालं तरी खाली बघायचं नाही, असं दादा म्हणायचा. काय झालं तर, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

"येते गं आई," ठमी ओरडली. "काका, येते."

"थांब," मी म्हणालो.

माझा आवाज शेजारच्या टेबलापर्यंतही कधी पोचत नसे. मी पायऱ्या उतरलो, हात वर केला आणि पुन्हा म्हणालो. गाडी फाटकाबाहेर पडली होती. तिने आरशात मला पाहिलं असावं, आणि मी निरोप देतोय असं तिला वाटलं असावं.

तिने उजवा हात उंच केला आणि हलवला. डावा स्टिअरिंगवर होता. छप्पर नव्हतं, मला दोन्ही स्वच्छ दिसत होते.

मी फाटकापर्यंत पळालो.

गाडी उताराला लागली. तिचा उजवा हात अजून हलत होता, डावा जागचा हलला नव्हता. नजर समोर रस्त्यावर. तिने मान किंचित कलती केली, शेजारच्याला 'हं' म्हणावं तशी.

इंजिनाचा आवाज क्षणभर खाली बसला, आणि दुसरा गिअर अलगद पडला.