यकृत डावीकडे

ज्योतिर्धर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना प्रयोगशाळेत सकाळी आठला पहिल्या वर्षाची सराव तोंडी परीक्षा सुरू झाली. साडेआठपर्यंत एकोणीस विद्यार्थ्यांनी यकृत डावीकडे असतं असं ठासून सांगितलं. विसाव्याने तर हात डाव्या बरगडीखाली ठेवून कंबरही हलवली. विभागप्रमुख डॉ. विश्वंभर उपळाईकरांनी चष्मा काढून पुसला. तीस वर्षांत त्यांनी चुका पुष्कळ ऐकल्या होत्या, पण वर्गाचं एवढं एकमत कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी तीनला विद्यापीठाची खरी परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक डॉ. हेरवाडे पहिला प्रश्न यकृतावरच विचारतात आणि तो चुकला की दुसरा विचारत नाहीत, अशी त्यांची ख्याती.

चौकशीत सगळी बोटं कस्तुरी मगदूमकडे वळली. ही सांगलीची मुलगी अभ्यासाच्या रील करी आणि वर्ग त्यावरच जगे. उपळाईकरांनी तिला बोलावलं. सोबत डॉ. नसीम मुजावरही आल्या. त्यांनी बनवलेला स्मृतिपट्टा यंदा प्रत्येक विद्यार्थ्याच्या कपाळावर होता.

"मॅडम, हा पट्टा करतो काय, ते साध्या भाषेत सांगा."

"मेंदू दिवसभर हजार गोष्टी बघतो आणि टाकून देतो, सर. रील आवडली की मुलं अंगठा दाबतात. त्या क्षणी पट्टा आधीच्या दहा सेकंदांवर शिक्का मारतो. आम्ही त्याला स्मृतिमुद्रा म्हणतो. मग तो विषय निघाला की तेच दहा सेकंद तोंडातून बाहेर पडतात. विचार मागाहून येतो."

"आणि यकृत डावीकडे कसं गेलं?"

कस्तुरी म्हणाली, "सर, मी रील सेल्फी कॅमेऱ्याने काढली. माझा हात उजवीकडेच होता. कॅमेऱ्याने आरशासारखं उलटं केलं आणि मी तपासलं नाही. एकशे एकोणीस जणांनी अंगठा दिला. सगळ्यांचं वर्ष माझ्यामुळे जाणार."

"वर्गात एकशे वीस आहेत. उरलेला कोण?"

"मीच. स्वतःच्या रीलला स्वतः अंगठा देत नाहीत, सर. बरं दिसत नाही."

मुजावर म्हणाल्या, "मुद्रा पुसता येत नाही. पण त्याच विषयावर दुसरी मारता येते, आणि शेवटची मुद्रा आधी बोलते."

"मी लगेच नवी रील करते."

"तू राहू दे," उपळाईकर म्हणाले. "चूक विद्यार्थिनीची, दुरुस्ती विभागाची. मी करतो."

"मग सर, शेवटचे दहा सेकंद तेवढे जपा," मुजावर म्हणाल्या.

उपळाईकरांनी ते मनावर घेतलं. विभागाच्या शिपाई शेवंताबाईंकडून स्टँडवर फोन लावून घेऊन ते अठरा मिनिटं बोलले आणि फार छान बोलले. शेवटी पोटावर हात ठेवून "यकृत उजवीकडे" असं तीनदा म्हणाले. मग त्यांनी तो व्हिडिओ आहे तसाच वर्गाच्या ग्रुपवर टाकला. दरम्यान कस्तुरी वसतिगृहात दारोदार फिरून एकेकाला तो बघायला बसवत होती. तिला स्वतःला बघायला सवड झाली नाही. मध्येच अंगठा देणं म्हणजे सरांचं न ऐकताच पळणं, म्हणून मुलांनी शेवटपर्यंत कळ काढली आणि आदराने अंगठे दाबले.

पहिला अंगठा मात्र खुद्द उपळाईकरांचा होता. आपण मुलांना काय देतो ते कळावं म्हणून त्यांनीही पट्टा बांधला होता. आणि रोज सकाळी स्वतःच्याच सुप्रभात संदेशाला अंगठा देणाऱ्या माणसाला यात काही वावगं वाटायचं कारण नव्हतं.

तीन वाजता हेरवाड्यांनी पहिल्या मुलाला विचारलं, "यकृत कुठे असतं?"

मुलगा आत्मविश्वासाने म्हणाला, "आता हे बंद कुठून करायचं?"

हेरवाड्यांना वाटलं, पोरगं घाबरलंय. दुसरीनेही तेच सांगितलं. तिसऱ्याने भर घातली, "शेवंताबाई, जरा इकडे या हो, हे बंद होत नाहीये." अकरा जण झाले. मुजावरांनी कपाळाला हात लावला.

हेरवाडे शेजारी वळले. "उपळाईकर, शिकवलंत तरी काय? आता तुम्हीच सांगा, यकृत कुठे असतं?"

उपळाईकर ताठ बसले. त्यांनी घसा साफ केला.

"आता हे बंद कुठून करायचं?"

प्रयोगशाळेत कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना ते उत्तर बरोबरच वाटलं. उपळाईकरांनी मात्र तोंडावर हात ठेवला. विचार मागाहून आला होता.

बाराव्या क्रमांकाला कस्तुरी होती.

"उजवीकडे, सर. बरगड्यांच्या आड, छातीच्या पडद्याखाली."

हेरवाड्यांनी सुस्कारा सोडला. "तुला एकटीलाच कसं येतं?"

"रील करायची म्हणजे आधी पुस्तक वाचावं लागतं, सर."

हेरवाड्यांनी गुणपत्रिका मिटली. "परीक्षा महिनाभर पुढे. तोवर प्रत्येकाने यकृतावर स्वतः एक रील करायची. पट्टे काढून ठेवा."

"मीसुद्धा?" उपळाईकरांनी विचारलं.

"तुमच्यापासूनच सुरुवात."

कस्तुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणाचंच वर्ष गेलं नव्हतं. ती डोळे पुसत दारापर्यंत गेली, तोच मागून सरांनी हळूच हाक मारली. त्यांच्या हातात फोन होता.

"मगदूम, हे सुरू कुठून करायचं?"